मिश्र कीटकनाशके आणि मानवी पेशी: ‘सिनर्जी’ लिहिण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हेपजी२ या यकृत-पेशींवर कृषी सेवा केंद्रातून आणलेली दोन औषधे वापरली: प्रोफेनोफॉस ५०% ईसी आणि सायपरमेथ्रिन १०% ईसी (ईसी म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारे तेलकट औषध). प्रत्येकी ५० मायक्रोमोलर मात्रेला २४ तासांनी एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी बनवतात त्या रंगावरून त्यांचे प्रमाण मोजणारी चाचणी) अनुक्रमे ९२% आणि ८९% पेशी जिवंत होत्या. दोन्ही एकत्र दिल्यावर ५८% उरल्या. याला सिनर्जी, म्हणजे दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम, म्हणता येईल का? आणि २०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेत हेच घडले, असे अहवालात लिहावे का?

दोन्हींचे उत्तर सध्या तरी ‘नाही’ असे आहे. तुमचे आकडे चुकलेत असा याचा अर्थ नाही. आकडे बरोबर असूनही त्यांतून हा निष्कर्ष निघत नाही, आणि का निघत नाही हे समजून घेण्यातच या विषयाचा निम्मा गाभा आहे.

आधी हिशेब करू. प्रोफेनोफॉसने ८% आणि सायपरमेथ्रिनने ११% पेशी मेल्या, एकत्र दिल्यावर ४२%. आठ आणि अकरा एकोणीस, मग बेचाळीस कुठून आले, असे वाटणे साहजिक आहे. पण मात्रा आणि परिणाम यांचा आलेख सरळ रेषेचा नसतो. तो आधी सपाट चालतो, मग एकदम चढतो. समजा एखाद्या औषधाची ईसी५०, म्हणजे निम्म्या पेशी मारणारी मात्रा, ६० मायक्रोमोलर आहे आणि आलेखाचा चढ, म्हणजे तो किती झपाट्याने वर जातो त्याचा आकडा, ३ आहे. ३० मायक्रोमोलरला ११% पेशी मरतील. आता त्याच बाटलीतून आणखी ३० टाका. एकूण ६० झाले, मृत्यू ५०%. अकरा आणि अकरा मिळून पन्नास! औषध मात्र एकच आहे, आणि एखादे रसायन स्वतःशीच सिनर्जी करू शकत नाही. त्यामुळे कोणताही मिश्रण-प्रयोग करताना ही फसवी जोडी, म्हणजे ‘अ’मध्ये ‘अ’च मिसळणे, एकदा तरी चालवून पाहावी. तुमच्या गणिताने तिलाही सिनर्जी ठरवले, तर दोष गणितात आहे.

तुमच्याच आकड्यांना हे लावून पाहा. दोन्हींचा चढ ३ धरला, तर ५० मायक्रोमोलरला ८% मृत्यू देणाऱ्या प्रोफेनोफॉसची ईसी५० सुमारे ११३ येते आणि ११% देणाऱ्या सायपरमेथ्रिनची १००. लोव यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या मात्रा-बेरजेच्या नियमाने समसमान मिश्रणाची ईसी५० अशी निघते: १ ÷ (०.५/११३ + ०.५/१००) = १०६ मायक्रोमोलर. तुम्ही एकूण १०० दिले. त्या ठिकाणी अपेक्षित मृत्यू सुमारे ४६% आणि तुम्हाला मिळाले ४२%. म्हणजे हे मिश्रण साध्या बेरजेच्या जवळपास तंतोतंत बसते. चढ ३ हे माझे गृहीतक आहे, कारण तुम्ही प्रत्येक औषधाची एकच मात्रा दिली आहे आणि एका बिंदूवरून चढ कळत नाही. सिनर्जीचा दावा टिकत नाही तो नेमका याच कारणाने.

ब्लिस यांचा १९३९ चा दुसरा नियम आहे, स्वतंत्र क्रियेचा. त्यात दोन परिणामांच्या बेरजेतून त्यांचा गुणाकार वजा करतात: ०.०८ + ०.११ − ०.००९, म्हणजे १८%. या नियमाने तुमचे ४२% फार मोठे दिसतील. दोन्ही रसायने पेशीत पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी काम करतात, याचा पुरावा हाती असेल तेव्हाच ब्लिस वापरावा. पुरावा नसेल तर मात्रा-बेरीज हाच पाया धरा आणि दोन्ही भाकिते आलेखावर शेजारी शेजारी दाखवा. सोयीचा नियम निवडून दुसऱ्याबद्दल गप्प बसणे ही या क्षेत्रातली सर्वात जास्त आढळणारी चूक आहे.

सिनर्जी म्हणायला किती फरक हवा? भाकीत ईसी५० ला प्रत्यक्ष ईसी५० ने भागा. उत्तर २ पेक्षा जास्त आले तर सिनर्जी, ०.५ पेक्षा कमी आले तर विरोध, मधले सगळे बेरीज, हा रूढ संकेत आहे. या निकषावर कीटकनाशकांच्या १९४ जोड्यांचा जो आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सिनर्जी फक्त ७% जोड्यांत सापडली. त्यांतल्या ९५% उदाहरणांत कोलिनएस्टरेज (मज्जातंतूंचा रासायनिक संदेश वेळेवर थांबवणारे एन्झाइम) रोखणारी औषधे किंवा अझोल गटातली बुरशीनाशके होती. हा आढावा मुख्यतः पाण्यातल्या व इतर जीवांवरचा होता, तरी त्यातला इशारा पेशींनाही लागू पडतो: सिनर्जी कुठेही उगवत नाही, ती ठराविक दारांतूनच येते. ती दारे कोणती, हे पुढे पाहू.

तत्पूर्वी बाटलीचा प्रश्न मिटवू. सायपरमेथ्रिनचा रेणुभार ४१६.३. ५० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला २०.८ मिलिग्रॅम. १०% ईसीमधून तेवढे मिळवायला लिटरला २०८ मिलिग्रॅम औषध टाकावे लागते. त्यातले १८७ मिलिग्रॅम सायपरमेथ्रिन नसतेच, ते असते द्रावक आणि इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारे साबणी द्रव्य. प्रोफेनोफॉसच्या बाटलीतून आणखी १९ मिलिग्रॅम येतात. म्हणजे एकत्र दिलेल्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) लिटरला २०६ मिलिग्रॅम इतर माल गेला. ईसीमध्ये साधारणपणे झायलीन किंवा तत्सम आरोमॅटिक द्रावक आणि कॅल्शियम डोडेसिलबेन्झीन सल्फोनेटसारखी साबणी द्रव्ये असतात. साबणी द्रव्य ५ ते १०% धरले, तर लिटरला १० ते २० मिलिग्रॅम होते. सीरम कमी असलेल्या माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, एवढ्याने पेशीपटलाला इजा होऊ शकते. तुमच्या ४२% मृत्यूंपैकी किती कीटकनाशकाचे आणि किती साबणाचे, हे या मांडणीतून कळणारच नाही.

याचा अर्थ बाजारातले औषध तपासूच नये असा मुळीच नाही. शेतकऱ्याच्या अंगावर शुद्ध प्रोफेनोफॉस पडत नाही, अख्खी बाटली पडते. साबणी द्रव्य स्वतः विषारी असू शकते हे युरोपने मान्य केले आहे. ग्लायफोसेटच्या औषधांमधून पीओई-टॅलोअमाइन हे सहद्रव्य तिथे २०१६ मध्ये काढून टाकायला लावले. म्हणून प्रयोग दोन्ही करा: एकात शुद्ध, विश्लेषणासाठी प्रमाणित केलेले रसायन, दुसऱ्यात बाजारातले औषध. दोन्हींच्या ईसी५० ची तुलना केली की सहद्रव्यांच्या वाट्याचा अंदाज येतो. औषध तयार करणारे फक्त द्रावक व इमल्सिफायरचे कोरे मिश्रण देत असतील तर फारच उत्तम. मागून पाहायला हरकत नाही.

आता दारांकडे येऊ. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन ही जोडी योगायोगाने बनलेली नाही. सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड एस्टर आहे. मानवी यकृतातली कार्बॉक्झिलएस्टरेज एन्झाइमे त्याचा एस्टर-बंध तोडून त्याला निरुपद्रवी करतात. पेशीची ही मोरी आहे असे समजा. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे या एन्झाइमच्या क्रियास्थळातल्या सेरिनला फॉस्फोरस चिकटवून ते बंद पाडतात. मोरी तुंबली की सायपरमेथ्रिन साचत जाते. चेतापेशींचे सोडियम-दरवाजे उघडे ठेवणारे औषध आता जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात पोचते. बोंडअळीतही हेच घडते. प्रतिकारक्षम अळी एस्टरेजच्या जोरावर पायरेथ्रॉइड पचवते, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट तिची ती शक्ती काढून घेते. तयार मिश्रण पिकावर जोरकस चालते त्यामागे हे एक मोठे कारण आहे. अळी मारणारी युक्ती माणसाच्या यकृतातही तशीच लागू पडते, हे फवारणी करणाऱ्याला कुणी सांगत नाही.

ही यंत्रणा नवी नाही. १९५७ मध्ये मॅलॅथिऑन आणि ईपीएन या दोन ऑर्गॅनोफॉस्फेटांची जोडी प्राण्यांमध्ये बेरजेपेक्षा कितीतरी जास्त विषारी ठरते असे दिसले, आणि कारण हेच निघाले: ईपीएनने मॅलॅथिऑन तोडणारे एस्टरेज बंद पाडले होते. माणसांमध्ये त्याचा भयंकर पुरावा १९७६ मध्ये पाकिस्तानात मिळाला. हिवतापविरोधी फवारणीतल्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि ५ जण दगावले. औषध मॅलॅथिऑनच होते, म्हणजे माणसासाठी तुलनेने सौम्य मानले जाणारे. पण त्या भुकटीत आयसोमॅलॅथिऑन ही अशुद्धी वाढलेली होती आणि ती कार्बॉक्झिलएस्टरेज रोखते. मिश्रण कुणी जाणूनबुजून केले नव्हते, ते पोत्यातच तयार झाले होते. उन्हात तापलेल्या गोदामातला जुना साठा वापरू नये, या सूचनेमागे असा इतिहास आहे.

इथे दोन बारकावे आहेत. पहिला समघटकांचा, म्हणजे एकाच रेणूच्या वेगळ्या मांडणीच्या रूपांचा. ट्रान्स रूपे एस्टरेजने लवकर तुटतात, सिस रूपे हळू. साध्या सायपरमेथ्रिनमध्ये दोन्ही असतात, अल्फा-सायपरमेथ्रिनमध्ये फक्त सिस. त्यामुळे एस्टरेज बंद केल्याचा फरक अल्फा प्रकारात कमी दिसणे अपेक्षित आहे. कोणता नमुना वापरला आणि त्यातले सिस-ट्रान्स प्रमाण काय, हे अहवालात न लिहिणे म्हणजे निम्मी माहिती दडवणे. दुसरा बारकावा प्राण्यांचा. उंदराच्या रक्तद्रवात कार्बॉक्झिलएस्टरेज भरपूर असते, माणसाच्या रक्तद्रवात ते जवळजवळ नसतेच. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला लावताना हा फरक विसरू नये.

शिवाय एन्झाइम एकदा फॉस्फोरिलेट झाले, म्हणजे त्याला फॉस्फोरस चिकटला, की ते तासाभरात परत येत नाही. नवे तयार व्हावे लागते, त्याला काही दिवस जातात. म्हणून ‘एकत्र’ या शब्दाचा अर्थ एकाच पंपात मिसळणे एवढाच नाही. सोमवारी ऑर्गॅनोफॉस्फेट फवारले आणि गुरुवारी नुसते पायरेथ्रॉइड, तरी शरीराच्या दृष्टीने ते मिश्रणच आहे. प्रयोगात हे तपासणे सोपे आहे. एका गटाला आधी २४ तास प्रोफेनोफॉस द्या, धुऊन घ्या, मग सायपरमेथ्रिन द्या. दुसऱ्या गटात क्रम उलटा ठेवा. एस्टरेजची मोरी हेच कारण असेल तर पहिल्या क्रमात परिणाम टिकेल आणि दुसऱ्यात ओसरेल.

दुसरे दार सायटोक्रोम पी४५० या एन्झाइम कुटुंबाचे. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोक्लोराझ ही अझोल बुरशीनाशके या एन्झाइममधल्या लोहाला धरून बसतात. बुरशीत त्यांचे लक्ष्य याच कुटुंबातले असते, पण यकृतातले सदस्यही त्यांच्या तावडीत सापडतात. पी४५० वर विसंबून बाहेर जाणारे दुसरे औषध मग अडकून राहते. इथे गुंता असा की क्लोरपायरीफॉससारख्या औषधाला विषारी ऑक्सॉन करणारे एन्झाइमही पी४५० च आहे. ते रोखले तर विष बनणेच कमी होऊ शकते. त्यामुळे तेच अझोल एका जोडीदारासोबत सिनर्जी दाखवते आणि दुसऱ्यासोबत विरोध. क्लोरपायरीफॉस स्वतःही पी४५० चे नुकसान करते: ऑक्सॉन बनताना सुटलेला गंधक एन्झाइमलाच चिकटतो. ‘ही दोन औषधे एकत्र वाईट’ असे सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. कोण कोणाची वाट अडवतो, हे प्रत्येक जोडीपुरते शोधावे लागते.

आणि नेमक्या याच ठिकाणी हेपजी२ तोकड्या पडतात. त्यांच्यात पी४५० ची पातळी खऱ्या यकृतपेशींच्या मानाने फारच कमी असते. मोरीच नसलेल्या घरात मोरी तुंबल्याचा परिणाम कसा दिसणार? पूर्ण विभेदित (पक्व यकृतपेशींसारख्या झालेल्या) हेपाआरजी पेशी किंवा मानवी प्राथमिक यकृतपेशी घ्या. हेपाआरजी विभेदनासाठी सुमारे २% डीएमएसओ या द्रावकात वाढवतात. मात्रा देताना ते प्रमाण बदलले तर एन्झाइमची पातळीही बदलते, हे ध्यानात ठेवा.

तिसरे दार मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीच्या वीजघराचे, आणि ते दुर्लक्षित आहे. डायफेन्थियुरॉन कपाशीवर पांढरी माशी व तुडतुड्यांसाठी वापरतात. त्याचे रूपांतर कार्बोडायइमाइडमध्ये होते आणि ते एटीपी सिंथेज, म्हणजे पेशीचे इंधन बनवणारे एन्झाइम, रोखते. टॉलफेनपायरॅड आणि फेनपायरॉक्सिमेट मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जा-साखळीचा पहिला दुवा (कॉम्प्लेक्स) रोखतात, बोस्कॅलिड व फ्लुक्सापायरोक्सॅड दुसरा, अझॉक्सिस्ट्रोबिन व पायराक्लोस्ट्रोबिन तिसरा. क्लोरफेनापायरपासून शरीरात बनणारे द्रव्य सगळी साखळीच निष्प्रभ करते, ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. एकाच फवारणीत कीटकनाशक आणि बुरशीनाशक दोन्ही असतील, तर पेशीच्या एकाच वीजघरावर दोन जागी घाव बसतो. पण हे तुमच्या प्लेटवर दिसणार नाही. नेहमीच्या माध्यमात २५ मिलिमोलर ग्लुकोज असते आणि त्यावर कर्करोगी पेशी मायटोकॉन्ड्रियाशिवायही तग धरतात. माध्यमातले ग्लुकोज काढून १० मिलिमोलर गॅलॅक्टोज घाला, पेशींना किमान एक दिवस सरावू द्या आणि मग मात्रा द्या. खात्रीसाठी रोटेनोन हे मायटोकॉन्ड्रिया रोखणारे विष ठेवा. गॅलॅक्टोजमध्ये त्याची ईसी५० बरीच घसरली पाहिजे. घसरली नाही तर पेशी अजून ग्लुकोजच्याच भरवशावर आहेत.

बाकीची दोन उदाहरणे थोडक्यात. पॅराक्वाट पेशीत सतत सुपरऑक्साइड तयार करत राहते, आणि मॅनेबसारखी डायथायोकार्बामेट बुरशीनाशके थायोल-व्यवस्था (पेशीची गंधकयुक्त संरक्षक रसायने) बिघडवतात, म्हणजे आग विझवणारेच जायबंदी होतात. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत घरापासून ५०० मीटरच्या आत दोन्हींचा संपर्क आलेल्यांमध्ये पार्किन्सनचा धोका ७५% जास्त आढळला होता. तो अभ्यास २००९ चा. दुसरे उदाहरण सिनर्जीचे नाहीच. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठ क्षीण इस्ट्रोजेनसदृश रसायने, प्रत्येकी एकटी असताना परिणाम न दाखवणाऱ्या मात्रेत, मानवी इस्ट्रोजेन ग्राहक बसवलेल्या यीस्ट पेशींवर एकत्र दिली आणि स्पष्ट परिणाम मिळाला. भाकीत साध्या बेरजेचे होते आणि ते खरे ठरले. हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण मिश्रण धोकादायक ठरायला सिनर्जीची गरजच नसते. बेरीज पुरेशी असते. तुमच्या निकालाला सिनर्जी म्हणता आले नाही म्हणून तो बिनमहत्त्वाचा होत नाही.

प्रयोग पुन्हा मांडताना पुढील गोष्टी सांभाळा.

विरघळणे. प्रोफेनोफॉस पाण्यात लिटरला सुमारे २८ मिलिग्रॅम विरघळते, म्हणजे ७५ मायक्रोमोलर. सायपरमेथ्रिनची विद्राव्यता लिटरला १० मायक्रोग्रॅमच्याही खाली आहे. तुमचे ५० मायक्रोमोलर म्हणजे २०,८०० मायक्रोग्रॅम. सीरममधली अल्ब्युमिन आणि बाटलीतले इमल्सिफायर थोडे धरून ठेवतात, उरलेले प्लॅस्टिकला चिकटते किंवा कणांच्या रूपात पेशींवर बसते. मिश्रणात दुसऱ्या बाटलीचा इमल्सिफायर आल्यावर पहिले औषध जास्त विरघळले, तर तीही ‘सिनर्जी’ भासते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसतात का पाहा, आणि शून्य व २४ तासांना माध्यमातले प्रत्यक्ष प्रमाण जीसी किंवा एलसी-एमएसवर मोजून घ्या. कागदावरच्या मात्रेवर काढलेली ईसी५० सायपरमेथ्रिनच्या बाबतीत भरवशाची नाही.

सीरम. गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये ॲसिटिलकोलिनएस्टरेज भरपूर असते आणि ते ऑर्गॅनोफॉस्फेट शोषून घेते. १०% सीरम ठेवले तर पेशीपर्यंत पोचणारी मात्रा घटते. मात्रेच्या काळात १ ते २% वर आणा किंवा सीरमविरहित माध्यम घ्या, आणि सगळ्या गटांत ते सारखे ठेवा.

डीएमएसओ. दोन साठा-द्रावणे एकत्र टाकली की डीएमएसओ दुप्पट होतो, हे फार वेळा निसटते. एकूण ०.१% वर बांधून घ्या. एकट्या औषधाच्या वेलमध्ये तेवढाच भरणा कोऱ्या डीएमएसओने करा.

मांडणी. ९६ वेलच्या प्लेटच्या कडेचे वेल वापरू नका. तिथून बाष्पीभवन होते, त्यांत बफर भरा. प्रत्येक औषधाच्या किमान ८ मात्रा, आणि मिश्रण ठराविक गुणोत्तरात धरून त्याच्याही ८ मात्रा. गुणोत्तर शेतातले घ्या. प्रोफेनोफॉस ४०% + सायपरमेथ्रिन ४% या तयार मिश्रणात वजनाने १०:१, म्हणजे रेणूंच्या हिशेबाने सुमारे ११:१ प्रमाण असते. तुमचे १:१ शेतात कुठेच नसते. एकट्यांचे आणि मिश्रणाचे आलेख एकाच दिवशी, एकाच खेपेच्या पेशींवर काढा. वेगवेगळ्या दिवशी, पेशींच्या वेगवेगळ्या पॅसेजवर (पिढीवर) तीनदा करा. एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

चाचणी. एमटीटी हा रंग रासायनिक क्षपणाने बनतो. थायोल सोडणारी डायथायोकार्बामेट तो पेशींशिवायही बनवू शकतात, म्हणून पेशी नसलेला औषध-वेल ठेवाच. सोबत एटीपी किंवा न्यूट्रल रेड यांसारखी दुसरी जिवंतपणाची चाचणी घ्या. एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारे एन्झाइम) घेत असाल तर ते माध्यमात हळूहळू नष्ट होते, ४८ तासांचा आकडा खरा धरू नका. डीएनएच्या नुकसानीसाठी कॉमेट ही चाचणी करायची असेल तर बऱ्याच पेशी आधीच मरत असलेल्या मात्रा टाळा. मरणाऱ्या पेशीचा डीएनए तसाही तुटतो.

कारणाचा पुरावा. हा प्रयोग चुकवू नका. प्रोफेनोफॉसच्या जागी बीएनपीपी हा कार्बॉक्झिलएस्टरेज-रोधक द्या. त्यानेही सायपरमेथ्रिनचा परिणाम तेवढाच वाढला, तर मोरीचा सिद्धांत उभा राहतो. पेशींच्या अर्कात पी-नायट्रोफेनिल व्हॅलरेट घालून ४०५ नॅनोमीटरवर एन्झाइमची क्रिया मोजा. एस्टर तुटल्यावरच्या वाटेत बनणारे ३-फिनॉक्सीबेन्झोइक आम्ल किती तयार झाले तेही पाहा. प्रोफेनोफॉस असताना ते घटले आणि मूळ सायपरमेथ्रिन जास्त उरले, तर त्यानंतर सिनर्जी हा शब्द निःशंकपणे वापरा.

आता यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्यानंतर विदर्भातल्या काही जिल्ह्यांत ज्या औषधांवर तात्पुरती बंदी आली, त्यांत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही तयार मिश्रणे होती, शिवाय ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. त्यामुळे तुमची जोडी विषयाला धरून आहे. पण माणूस ऑर्गॅनोफॉस्फेटने दगावतो तो यकृतपेशी मेल्यामुळे नव्हे. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यातले ॲसिटिलकोलिनएस्टरेज बंद पडते, फुप्फुसात स्राव भरतो, श्वासाचे स्नायू थकतात. त्या वेळी पेशी जिवंतच असतात. प्लेटमधल्या हेपजी२ मध्ये असा सांधाच नाही, म्हणून तिथले एन्झाइम पूर्ण बंद झाले तरी एमटीटी ते दाखवणार नाही. या दिशेने काही सांगायचे असेल तर एसएच-एसवाय५वाय या चेतापेशींसारख्या पेशींत एलमन पद्धतीने, ४१२ नॅनोमीटरवर, एन्झाइमचीच क्रिया मोजा. पायरेथ्रॉइडसाठी इलेक्ट्रोड-प्लेटवर मानवी स्टेम पेशींपासून बनवलेल्या चेतापेशींची विद्युतक्रिया बघा. पेशी मेल्या की नाही हा प्रश्न इथे फार उशिराचा आहे.

मात्रेचाही विचार करा. ४०+४ च्या बाटलीत लिटरला सुमारे ४०० ग्रॅम प्रोफेनोफॉस धरले तर ते १ मोलरहून थोडे जास्त होते. लिटरला २ मिली या हिशेबाने पंपातले द्रावण सुमारे २ मिलिमोलर. म्हणजे बाटलीतला एक थेंब पंपातल्या ५०० थेंबांइतका. सर्वात घातक क्षण फवारणीचा नसून झाकण उघडून मापात ओतण्याचा आणि हाताने ढवळण्याचा असतो. त्वचाही सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑनवर १९७१ मध्ये माणसांत झालेल्या मोजमापात वृषणाच्या त्वचेतून हाताच्या पुढच्या भागाच्या जवळपास १२ पट शोषण झाले होते. पाठीवरचा पंप गळतो तेव्हा ओले होते ती कंबर आणि त्याखालची चड्डी. हातमोजे घालूनही विषबाधा होते, ती या वाटेने. पंपात सोबत टाकलेले स्टिकर आणि टॉनिक यांतली साबणी द्रव्ये त्वचेचाही अडसर कमी करतात. म्हणून स्टिकर, टॉनिक, विद्राव्य खत यांचा नुसता ‘मिश्रणात’ उल्लेख न करता त्यांची नावे व मात्रा नोंदवा.

उपचारातही मिश्रण आडवे येते. प्रोफेनोफॉसने अडवलेले एन्झाइम लवकर ‘पिकते’, म्हणजे कायमचे बंद होते, आणि मग ते पुन्हा सुरू करणाऱ्या प्रॅलिडॉक्सिमचा फारसा उपयोग उरत नाही. ॲट्रोपिन आणि श्वासाचा आधार यांवरच भिस्त राहते. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिलला तर ॲट्रोपिन उताराच नाही. म्हणून रुग्णासोबत बाटल्या न्याव्यात, एकच नव्हे, त्या आठवड्यात उघडलेल्या सगळ्या.

पेशींपलीकडचा एक दुवा तुमच्या प्रकल्पात बसू शकेल, तो म्हणजे रक्तातले कोलिनएस्टरेज. कॅलिफोर्नियात नियम असा आहे की ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगाराची मूळ पातळी आधी मोजायची. ती मूळच्या ८०% च्या खाली गेली की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतले एन्झाइम ७०% पर्यंत किंवा रक्तद्रवातले ६०% पर्यंत घसरले की कामावरून बाजूला करायचे, आणि पातळी ८०% वर परतेपर्यंत औषधाला हात लावू द्यायचा नाही. मूळ पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की हंगामाच्या मध्ये घेतलेल्या एका रक्ततपासणीवरून काहीच ठरवता येत नाही. आपल्याकडे कपाशीच्या फवारणीआधी, जूनमध्ये, एकदा रक्त घेऊन ठेवले तर ऑगस्टच्या आकड्याला अर्थ येईल. लाल पेशींतले एन्झाइम दिवसाला साधारण १% या गतीने भरून येते. ३०% घट झालेल्या माणसाला सावरायला महिना लागतो, आणि हंगामात दोन फवारण्यांमध्ये तेवढे अंतर नसते. मिश्रणाचा हा सर्वात साधा प्रकार आहे: या आठवड्याची मात्रा मागच्या आठवड्याच्या मात्रेवर पडते.

तुमच्या सध्याच्या आकड्यांवरून अहवालात एवढे लिहिता येईल: ‘बाजारातील प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनची औषधे प्रत्येकी ५० मायक्रोमोलर मात्रेत एकत्र दिल्यावर हेपजी२ पेशींची चयापचय-क्रिया ४२ टक्क्यांनी घटली. एकाच मात्रेचा अभ्यास असल्याने बेरीज व सिनर्जी यांत भेद करता आला नाही. सहद्रव्यांचा वाटा स्वतंत्रपणे मोजलेला नाही.’ पुढच्या सत्रात बाजारातल्या औषधासोबत शुद्ध रसायने, प्रत्येकी ८ मात्रा, ११:१ चे गुणोत्तर, हेपाआरजी पेशी आणि बीएनपीपीचा गट एवढे पाच बदल केलेत, तर यातले दुसरे आणि तिसरे वाक्य काढून टाकता येईल.